डोळ्यामागील डोळा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



यंदाच्या संमेलनात आम्ही ‘विद्यार्थ्यांचे लक्ष अभ्यासात का लागत नाही’ ह्या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चिटणिसांची सूचना आली. सेवानिवृत्त शिक्षक दृष्टीस पडला की त्याच्या गळ्यात हाच विषय बांधावयाचा, अशी आपल्याकडे वहिवाटच पडली आहे. सूचना आम्ही शिरसावंद्य मानली. मात्र विषय थोडा अलीकडून धरला. लक्ष म्हणजे काय, ते लागते कोठे, आणि मूल फळ्यावरचे पाहते ते मुळात कशाने पाहते, हे समजून घेतल्यावाचून ‘लक्ष दे, लक्ष दे’ असा घोष करण्यात हशील नाही. म्हणून आज दृष्टीविषयी बोलण्याचे योजिले आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकाचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु नोकरीतून मोकळे झाल्यावर घरातील एका प्रसंगामुळे ह्या विषयाचा नाद लागला. नेत्रवैद्यांना प्रश्न विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, तेच आपणांपुढे ठेवीत आहोत. तो प्रसंग ओघात येईलच.

आपण सारेच समजतो की डोळा पाहतो. छायाचित्राच्या यंत्राप्रमाणे पुढे भिंग, मागे पडदा, पडद्यावर चित्र उमटले की दिसले! आम्हीही वर्गात डोळ्याची आकृती काढून येथवरच शिकवीत असू, कारण क्रमिक पुस्तक येथेच थांबत असे. पण पडद्यावर उमटलेले चित्र पाहतो कोण, हा प्रश्न शिल्लकच राहतो. डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, पडणारे चित्र उलटे असते; ते कडेला अस्पष्ट असते आणि त्याला चक्क एक भोक असते. ह्यावर कोणाचा विश्वास बसत नसेल तर हातातील कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या बाजूस डावीकडे एक फुली काढावी आणि तिच्या उजवीकडे, साधारण ८ सेंटिमीटरांवर, एक ठसठशीत ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने केवळ फुलीकडे टक लावावी आणि कागद सावकाश जवळ-दूर करावा. डोळ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरांवर ठिपका नाहीसा होईल. (सभागृहात आता सर्वत्र कागद हलू लागले आहेत, हे पाहून संतोष वाटतो. शाळेत हे दृश्य दिसले असते तर मुख्याध्यापक धावून आले असते.) डोळ्यातील तंतूंची जुडी जेथून बाहेर पडते तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून हा अंधबिंदू. मौज ठिपका नाहीसा होण्यात नाही. त्या जागी काळे भोक न दिसता कोरा, अखंड कागद दिसतो, ही खरी मौज. जेथून काही वार्ता आली नाही, ती जागा कोणी तरी आसपासच्या अंदाजाने सारवून टाकली. तो सारवणारा डोळ्यात बसलेला नाही.

तो बसला आहे मस्तकाच्या अगदी मागील भागात. बुचडा बांधतात त्याच्या आसपास, कवटीच्या आत, मेंदूच्या सुरकुतलेल्या सालीचा एक पट्टा आहे. त्यास आपण दृष्टिकेंद्र म्हणू. डोळे अगदी पुढे आणि पाहण्याचे केंद्र अगदी मागे, अशी ही रचना आहे. प्रत्येक डोळ्यातून सुमारे १० लक्ष तंतू निघतात. वाटेत त्यांची अशी अदलाबदल होते की समोरच्या जगाचा डावा अर्धा भाग मेंदूच्या उजव्या बाजूस आणि उजवा अर्धा भाग डाव्या बाजूस पोहोचतो. मध्ये टपालाच्या थैल्या उतरवाव्या तसे एक ठाणे आहे. ह्या ठाण्यातील मुख्य पेशींवर ज्या जोडण्या आहेत, त्यांपैकी डोळ्याकडून आलेल्या शेकडा ५ ते १० एवढ्याच आहेत. उरलेल्यांतील मोठा वाटा वरून, म्हणजे खुद्द मेंदूच्या सालीकडून खाली आलेला आहे. कचेरीत खालून येणारे अर्ज थोडे आणि वरून येणारे हुकूम अधिक, त्यातलाच प्रकार! काय वर धाडावे ह्याविषयी मेंदू आधीच आपला कल कळवीत असतो. आपण पाहतो त्यात बाहेरून आलेले किती आणि आतून घातलेले किती, हा प्रश्न म्हणूनच सोपा नाही.

दृष्टिकेंद्रावर जगाचा नकाशा आहे, हे कळले त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९०४-०५ साली रशिया व जपान ह्यांचे युद्ध झाले. त्या सुमारास बंदुकीच्या गोळ्या पूर्वीपेक्षा बारीक व वेगवान झाल्या होत्या. डोक्यात घुसलेली गोळी पुष्कळदा सरळ आरपार निघून जाई आणि शिपाई वाचत असे. तात्सुजी इनोये नावाच्या तरुण जपानी नेत्रवैद्याकडे काम आले, ते अशा जखमी शिपायांची दृष्टी किती गेली हे मोजण्याचे. कारण त्यावर निवृत्तिवेतन ठरावयाचे होते. काम कारकुनीचे, पण माणूस जिज्ञासू. गोळी कोठून शिरली, कोठून बाहेर पडली, मधली रेषा मेंदूच्या कोणत्या भागातून गेली आणि त्या शिपायास समोरच्या जगाचा नेमका कोणता तुकडा दिसत नाही, हे त्याने एकेका माणसागणिक मांडले. सर्वांची टिपणे जुळवल्यावर दिसून आले की, जगात शेजारी असलेल्या जागा मेंदूतही शेजारी आहेत. दृष्टिकेंद्राचा अमुक भाग गेला की दृश्याचा तमुक भाग गेलाच. डोळे निरोगी असले तरी गेला. त्याचा ग्रंथ १९०९ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या गॉर्डन होम्स ह्यांनी जखमी सैनिकांवरून असाच, अधिक सविस्तर नकाशा तयार केला. माणसांनी एकमेकांची डोकी फोडावी आणि त्यातून ज्ञान निघावे, ह्याचा आनंद मानावा की खेद, हे आम्हांस अद्याप ठरवता आलेले नाही.

ह्या नकाशात जागेची वाटणी मात्र समान नाही. हात पुढे लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले तर ते नख दृश्याचा जेवढा तुकडा झाकते, साधारण तेवढाच भाग आपणांस खरोखर स्पष्ट दिसत असतो. त्या मधल्या इवल्या भागास दृष्टिकेंद्रात ऐसपैस जागा आहे आणि कडेच्या विस्तीर्ण प्रदेशास दाटीवाटीने राहावे लागते. मग सारे सभागृह एकदम स्पष्ट दिसते असे का वाटते? कारण डोळा सेकंदास सुमारे तीन वेळा उडी मारतो. आता येथे, आता तेथे. दोन उड्यांमधील धूसर क्षण मेंदू गाळून टाकतो. घरी आरशासमोर उभे राहून आपल्याच एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नजर फिरवून पाहावी. शेजारी उभ्या असलेल्या माणसास आपले डोळे हललेले दिसतील. आपणांस ते कधीच हलताना दिसणार नाहीत.

आता ह्या केंद्रातील एकेक पेशी काय करते? १९५८ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोघे संशोधक मांजराच्या दृष्टिकेंद्रातील एका पेशीत बारीक तार घालून तिची कुरकुर ऐकत बसले होते. काचेच्या पट्टीवरील ठिपक्याची सावली मांजरासमोर पाडावी, तर पेशी ढिम्म. असा बराच वेळ गेला. पट्टी यंत्रात सरकवताना एकाएकी पेशी जोराने कडकडू लागली. तिला ठिपक्याचे काही नव्हते. काचेच्या कडेची जी तिरकी सावली पडद्यावरून सरकली, तिला ती बोलत होती. त्यातही कड एका विशिष्ट कलाची असेल तरच. दुसऱ्या पेशीचा कल दुसरा. अशा लक्षावधी पेशी, कोणी उभ्या रेघेची, कोणी आडवीची, कोणी तिरपीची राखण करणारी; आणि त्यांच्या साक्षी जोडून पुढे आकृती उभी राहते. मुलांना आम्ही अक्षर गिरवावयास लावण्याआधी उभ्या, आडव्या, तिरप्या रेघा काढावयास लावतो. निसर्गानेही श्रीगणेशा तेथूनच केला आहे, हे वाचून आम्हांस फार गंमत वाटली. ह्या दोघांस १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील केंद्रांत कामे वाटलेली आहेत. माकडाच्या मेंदूत अशी ३० च्या वर केंद्रे मोजली गेली आहेत. ढोबळ मानाने एक वाट मस्तकाच्या वरच्या अंगास जाते, ती ‘वस्तू कोठे आहे, कशी हलते’ ते पाहते; दुसरी वाट खालून कानाच्या बाजूस जाते, ती ‘वस्तू कोणती आहे’ ते ओळखते. १९८३ साली जर्मनीतील संशोधकांनी एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूतील विकाराने तिचे हालचाल पाहण्याचे केंद्र तेवढे गेले होते. तिला रंग दिसत, वस्तू ओळखू येत, वाचता येई. पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसे आणि चहा केव्हा काठोकाठ येतो ते कळत नसे. रस्ता ओलांडताना दूर असलेली मोटार क्षणात अंगावर आलेली असे. अन्य काहींचे चेहरे ओळखण्याचे केंद्र बिघडते. मग आवाज ऐकेपर्यंत समोर उभी आहे ती आपली धर्मपत्नी की शेजारीण, हे उमगत नाही. हसण्यासारखे वाटते, पण त्या घरी हसू नसते.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर आता चिटणिसांच्या विषयाकडे, म्हणजे लक्षाकडे येऊ. आपल्या भाषेने ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ हे दोन शब्द निराळे ठेवले आहेत, ते उगाच नव्हे. समोर असून न दिसण्याची गोष्ट आपण ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ह्या म्हणीत बांधून ठेवली आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सायमन्स आणि शाब्री ह्या दोघांनी ह्याचीच परीक्षा घेतली आणि ती १९९९ साली प्रसिद्ध केली. काही माणसे चेंडू एकमेकांकडे टाकीत आहेत असा चलच्चित्रपट दाखवावयाचा आणि पांढऱ्या सदऱ्याच्या गड्यांनी किती वेळा चेंडू दिला ते मोजावयास सांगावयाचे. खेळाच्या मध्येच गोरिला वानराचे सोंग घेतलेला एक माणूस आरामात चालत येतो, छाती बडवतो आणि निघून जातो. पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो दिसलाच नाही! त्यांचे डोळे अधू नव्हते. २०१३ साली हीच थट्टा फुप्फुसांची क्षकिरणचित्रे वाचणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांबरोबर करण्यात आली. चित्रात वानराची आकृती घालून दिली. गाठी शोधण्यात गढलेल्या २४ तज्ज्ञांपैकी २० जणांच्या नजरेतून ती निसटली.

हे कसे होते, त्याचा धागा माकडांवरील एका प्रयोगात सापडतो. १९८५ साली मोरान आणि डेसिमोन ह्यांनी दाखवले की, दृष्टीच्या वरच्या पायरीवरील एकाच पेशीच्या टापूत दोन वस्तू ठेवल्या आणि माकडास त्यांतील एकीवर लक्ष ठेवावयास शिकवले, तर ती पेशी जणू दुसरी वस्तू तेथे नाहीच अशी वागते. डोळा हललेला नसतो, प्रकाश तोच असतो, पण वरून आलेल्या हुकमाने एका वस्तूचे पारडे जड होते आणि दुसरीचा आवाज दबतो. तेव्हा लक्ष देणे म्हणजे ज्यास लक्ष दिले नाही त्याकडे आंधळे होणे. वर्गात खिडकीबाहेरच्या चिमणीकडे पाहणाऱ्या मुलास आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो. लक्ष पुरेपूर असते. ते चिमणीवर असते, आणि त्या घटकेस फळा त्याच्या मेंदूत खरोखरच फिकट झालेला असतो. छडीने फळा उजळत नाही. आमचे मत विचाराल तर फळ्यावर एका वेळी एकच आकृती असावी, ती मोठी असावी, आणि मागील तासाचे लिखाण पुसून टाकलेले असावे. घरी अभ्यासाच्या मेजावर भ्रमणध्वनी पालथा ठेवून भागत नाही. तो दुसऱ्या खोलीत असावा. आणि ज्या चिरंजीवांना कानाला यंत्र लावून दुचाकी हाकण्याची हौस आहे, त्यांनी त्या वानराची आठवण ठेवावी. बोलण्यात गुंतलेल्या मनाला समोरचा माणूस, डोळे उघडे असूनही, न दिसण्याचा संभव असतो.

आता स्मृती. एकदा पाहिले की आठवले पाहिजे, असा पालकांचा आग्रह असतो. आम्ही येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस विचारतो की, सध्याच्या वीस रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस कोणते चित्र आहे? २०१९ पासून ती नोट आपल्या हातातून शेकडो वेळा गेली असेल. खिशात हात न घालता सांगावे! ... फारच थोडे हात वर आले. ते चित्र आहे आपल्याच महाराष्ट्रातील वेरूळच्या लेण्यांचे. अमेरिकेत १९७९ साली लोकांना त्यांच्या एका सेंटच्या नाण्यावर काय काय आहे ते आठवून काढावयास सांगितले, तेव्हा त्यांचीही अशीच फजिती झाली होती. जेवढ्याने काम भागते तेवढेच, म्हणजे रंग आणि आकार, मेंदू जतन करतो. तात्पुरत्या स्मृतीचा गाळा तर फारच लहान. डोळ्यांनी पाहिलेल्या साधारण चार वस्तू एका वेळी तीत मावतात. अष्टावधानी पुरुषांच्या कथा आपण ऐकतो. त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे, पण ते एकाच क्षणी आठ गोष्टी धरीत नसून आठ गोष्टींवर झपाट्याने फिरत असावेत, असा आमचा तर्क आहे.

ही तात्पुरती स्मृती राहते कोठे? मेंदूत पाहण्याची खोली एक आणि आठवणीचे कोठार निराळे, असे पुष्कळ दिवस मानीत. २००९ साली अमेरिकेतील हॅरिसन व टोंग ह्यांनी काही जणांना तिरप्या रेघांचे चित्र दाखवले, ते काढून घेतले, आणि समोर कोरा पडदा असताना काही सेकंद त्या रेघांचा कल मनात धरावयास सांगितले. चुंबकीय यंत्रातून त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली असता, दृष्टिकेंद्राच्या अगदी पहिल्या पायऱ्यांवरील हालचालीवरून, मनात कोणता कल धरला आहे ते शंभरांत ऐंशीच्या आसपास वेळा ओळखता आले. पुढे पाहावयास काही नाही, तरी पाहणारे केंद्र त्या आठवणीस आकार देत होते. ‘डोळ्यांसमोर उभे राहिले’ असे आपण गावाकडच्या वाड्याविषयी किंवा गेलेल्या माणसाविषयी बोलतो, तो निव्वळ अलंकार नव्हे. दीर्घकाळच्या आठवणी जपण्याचे काम मेंदूच्या अन्य भागांकडेही आहे; पण ती आठवण ‘दिसते’ तेव्हा ह्याच जुन्या पडद्याचा आधार घेत असते.

वाचनाविषयी एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही. लिपी अवघी काही हजार वर्षांची. तिच्यासाठी मेंदूत जन्मतः केंद्र असणे शक्य नाही. तरीही वाचावयास शिकलेल्या माणसाच्या मेंदूत, डाव्या बाजूस खालच्या अंगाला, अक्षरे ओळखणारी एक जागा तयार होते. उत्तर प्रदेशात लखनौच्या परिसरातील साक्षर आणि निरक्षर प्रौढांचा अभ्यास करून २०१९ साली काही संशोधकांनी दाखवले की, देवनागरी वाचू लागल्याने चेहरे वा वस्तू ओळखण्याच्या शक्तीची जागा हिरावली जात नाही. उलट दृष्टिकेंद्राच्या आरंभीच्या पायऱ्या अक्षरांखेरीज अन्य चित्रांनाही अधिक सतेज प्रतिसाद देऊ लागतात. रात्रशाळेत पन्नाशीच्या स्त्रिया पाटी घेऊन बसत तेव्हा काही लोक हसत असत. ह्या स्त्रियांच्या मेंदूत काय घडत होते ते त्या हसणाऱ्यांस ठाऊक नव्हते.

मात्र सर्वच गोष्टी पन्नाशीपर्यंत वाट पाहत नाहीत, आणि आमच्या भाषणाचा खरा गाभा येथे आहे. ह्यूबेल व वीझेल ह्यांनी १९६३ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराच्या नवजात पिलाचा एक डोळा पहिले दोन-तीन महिने मिटून ठेवला व नंतर उघडला. डोळा निर्दोष होता, पण पिलास त्याने जवळजवळ काही दिसेना. दृष्टिकेंद्रातील पेशींनी त्या डोळ्याशी असलेला संबंधच तोडला होता. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ मिटून ठेवला, तर काही बिघडले नाही. असे प्रयोग वाचताना मनास क्लेश होतात, हे आम्ही लपवीत नाही. पण त्यांतून एक सत्य हाती आले. मेंदूस पाहावयास शिकण्याचा एक हंगाम असतो. पेरणी चुकलेल्या शेतावर मागाहून कितीही पाणी सोडले तरी पीक पूर्ण येत नाही.

मनुष्याच्या मुलांत हेच ‘आळशी डोळा’ ह्या नावाने दिसते. शंभर मुलांत दोन-तीन मुलांस हा दोष असतो. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असतो, किंवा डोळा तिरळा असतो, किंवा जन्मतः मोतीबिंदू असतो. दोन डोळ्यांची चित्रे जुळत नाहीत, म्हणून मेंदू एका डोळ्याचे म्हणणे ऐकणे सोडून देतो. मूल तक्रार करीत नाही, कारण दुसरा डोळा काम भागवतो आणि जग असेच दिसते असे त्यास वाटते. आई-बापांस संशय येत नाही. बाहेरून डोळा पाणीदार, सुंदर असतो.

आमच्या घरातील प्रसंग हाच. आमची नात चार वर्षांची असताना बालवाडीत नेत्रतपासणी झाली. दोन्ही डोळे उघडे असताना पोरीने सारी चित्रे धडाधड ओळखली. उजवा डोळा झाकताच ती मुकी झाली. नेत्रवैद्यांनी चष्मा दिला आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्यास सांगितले. घरात एकच गहजब झाला. चांगला डोळा झाकून अधू डोळा उघडा ठेवणारे हे कसले वैद्यक, असे एका वडीलधाऱ्यांनी विचारले. दुसऱ्या एका बाईंनी, तिरळी नजर भाग्याची असते, मुलीच्या नजरेत हात घालू नये, असा सल्ला दिला. सूनबाई मात्र खंबीर राहिल्या. पट्टी लावली की नात रडत असे, ओढून काढीत असे. तेव्हा पट्टीचा वेळ आम्ही आमच्याकडे घेतला. ताटात तांदूळ पसरून खडे वेचावयाचे, सुईत मोठे मणी ओवावयाचे, सोंगट्यांचा डाव मांडावयाचा. त्या डोळ्यास आणि त्यामागील मेंदूस काम मिळाले पाहिजे, एवढेच सूत्र. पहिल्या महिन्यात तिला खडा आणि तांदूळ वेगळा कळत नव्हता. सुमारे दीड वर्षाने त्याच डोळ्याने ती तक्त्यावरील शेवटून दुसरी ओळ वाचू लागली. आज ती सातवीत आहे, चष्मा लावते आणि आमची अक्षरे वाकडी येतात असे आम्हांस सांगते.

सात वर्षांच्या आत उपचार सुरू झाला तर तो अधिक फळतो. मोठ्या मुलांनीही आशा सोडू नये. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, सात ते बारा वर्षांच्या ज्या मुलांवर पट्टीसह उपचार झाले, त्यांतील निम्म्याहून थोड्या अधिकांची नजर सुधारली. आपल्या देशातील अनुभवही बोलका आहे. दिल्लीच्या आय.आय.टी.त शिकलेले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झालेले पवन सिन्हा ह्यांनी ‘प्रकाश’ नावाचा उपक्रम चालवला. जन्मांध म्हणून सोडून दिलेल्या मुलांचे मोतीबिंदू त्यांनी दिल्ली येथे काढवून घेतले. तीनशे वर्षांपूर्वी डब्लिनच्या विल्यम मोलिन्यूने, ज्याची पत्नीच अंध झाली होती, तत्त्वज्ञ लॉक ह्यास विचारले होते की, हाताने चाचपून गोळा व घन ओळखणाऱ्या जन्मांधास एकाएकी दृष्टी आली, तर तो नुसते पाहून त्या वस्तू ओळखील काय? त्याचे उत्तर २०११ साली ह्या मुलांनी दिले. ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना, पट्टी सुटताच, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्याने निवडता येईना. नाणे उडवल्यासारखी उत्तरे. पण काही दिवसांतच त्यांना ते जमू लागले. नव्याने पाहू लागलेल्यांना एकमेकांवर ठेवलेल्या आकृत्यांचे निव्वळ तुकडे दिसत. तीच आकृती हलवली की मात्र ‘ही एक वस्तू’ असे उमगे. ह्या मुलांची नजर पूर्ण तीक्ष्ण झाली नाही. हंगाम गेला होता. तरी चालण्या-फिरण्यापुरते, माणसे ओळखण्यापुरते जग त्यांना लाभले. पहिल्या वर्षातच कोणी डोळ्यात डोकावून पाहिले असते तर पुष्कळ अधिक लाभले असते.

तेव्हा मूल शाळेत जाण्यापूर्वी, साधारण तीन-चार वर्षांचे असताना, नेत्रवैद्यांकडून त्याचा एकेक डोळा वेगवेगळा तपासून घ्यावा. तान्ह्या मुलाच्या छायाचित्रात एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसली, तर वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिरळेपणास भाग्याचे लक्षण मानून बसू नये.

आणि आता थोडे कटू बोलावे लागते. आपल्या ज्ञातीत कन्येस चष्मा लागला की घरात सुतक आल्यासारखे होते. कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. मंडळाच्या वधूवर सूचक अर्जात ‘चष्मा : आहे / नाही’ असा रकाना आहे. कित्येक घरी मुलीस नंबर असूनही चष्मा करीत नाहीत. केलाच तर पाहुण्यांसमोर काढून ठेवावयास लावतात. मुलाच्या चष्म्यास विद्वत्तेचे लक्षण म्हणावयाचे आणि मुलीच्या चष्म्यास व्यंग, हा कोठला न्याय? चौथ्या वर्षी चष्मा लागणाऱ्या मुलीस तो चोविसाव्या वर्षीच्या स्थळासाठी नाकारला, तर तिच्या एका डोळ्याचा हंगाम आपण आपल्या हाताने बुडवतो. कोणी म्हणेल, रकाना काढणे म्हणजे लपवाछपवी. आमचे म्हणणे उलट आहे. लपवण्याची बुद्धी त्या रकान्यानेच दिली आहे. चष्मा नाकावर असतो, तो विचारावा लागत नाही. पाहिला की दिसतो.

मंडळाच्या येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. पहिला, पुढील संमेलनाच्या दिवशी सकाळी, भोजनापूर्वी, तीन ते सहा वर्षांच्या सर्व मुलांची नेत्रतपासणी मंडळाच्या शैक्षणिक निधीतून करावी. दुसरा, वधूवर अर्जातील तो रकाना गाळावा. पहिल्यास अनुमोदन देणारे पुष्कळ भेटले आहेत. दुसऱ्यास आजपर्यंत दोघांनीच होकार दिला आहे, त्यांतील एक आमच्या सूनबाई. ज्यांची इच्छा असेल त्यांनी व्यासपीठाच्या उजव्या बाजूस ठेवलेल्या कागदावर आपले नाव लिहावे.